मुनग्याचा हायकू

“ताई, पान अकरा. एकच अक्षर बदलायचंय. ‘पाहीन’चं ‘पाहील’ करते आणि फाइल प्रेसला सोडते. चालेल ना?”

फोन पुण्याहून होता. मृणाल आमच्या पुस्तकाची संपादक. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, पण कामाला पक्की. मी भिलाईत, सिविक सेंटरला बँकेच्या रांगेत उभी होते. तिला म्हटलं, थांब, इतक्यात सोडू नकोस, घरी जाऊन पाहते.

घरी येऊन डमी काढली. डमी म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. छपाईला जाण्याआधी पानं साध्या कागदावर काढून टाचतात, म्हणजे पुस्तक हातात धरल्यावर कसं दिसेल ते कळतं. पान अकरावर माझं चित्र होतं आणि चित्राच्या कोपऱ्यात तीन ओळी होत्या.

जुनं क्वार्टर
मुनगा फुलला का
आई पाहीन

खाली नाव होतं, मैत्री रामटेके, वय दहा.

मी मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढते. हेच काम मी आयुष्यभर केलं. आधी पाठ्यपुस्तकांची चित्रं, मग गोष्टींच्या पुस्तकांची. भिलाईत वाढले, इथेच राहिले. वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते. आमच्यासारखी विदर्भातून आलेली पुष्कळ कुटुंबं इथे आहेत, कोणी प्लांटमध्ये, कोणी रेल्वेत. घरात नागपुरी मराठी, दाराबाहेर हिंदी. आताच्या मुलांची मराठी तर उंबरठ्याच्या आतच राहते.

पुण्याचे एक प्रकाशक लहान मुलांसाठी हायकूंच्या पुस्तकांची मालिका काढत होते. प्रत्येक पुस्तकात एक शहर, तिथले ऋतू, आणि हायकू त्याच शहरातल्या मुलांचे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांचंही एक पुस्तक असावं असं त्यांना वाटलं. भिलाईत मी होते, म्हणून भिलाई. कार्यशाळा घेणं आणि चित्रं काढणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आली.

डिसेंबरात एका मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही रविवारी जमायचो. पहिल्या दिवशी मी मुलांना सांगितलं की हायकू म्हणजे तीन ओळींची छोटी कविता. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. जोडाक्षर एकच धरायचं. कवितेत कुठेतरी ऋतू दिसला पाहिजे, आणि जे वाटतं ते सांगायचं नाही, जे दिसतं ते सांगायचं. मुलांनी माना डोलावल्या आणि मोर, कोकीळ, आमराई आणि बर्फ यांच्यावर कविता लिहिल्या. भिलाईत बर्फ पाहिलेलं एकही मूल नव्हतं. मोर त्यांनी मैत्रीबागेत, म्हणजे इथल्या प्राणिसंग्रहालयात, जाळीमागे पाहिला होता.

दुसऱ्या रविवारी मी बोलायचं सोडलं आणि चित्रं नेली. चित्रं याच शहराची होती. थंडीच्या सकाळी धुक्यात प्लांटचा उजेड मिसळून आकाश नारिंगी होतं, ते एक. गरमीत गच्चीवरून कूलर उतरवून त्यात नवीन खस, म्हणजे वाळा, भरतात, ते एक. कुरुद गावाच्या बाजूला सकाळी रस्त्यावर पडलेली मोहाची फुलं. तीजाच्या सणाला माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेला ऑटो. चित्रं जमिनीवर पसरली आणि विचारलं, हा कोणता महिना? मुलं भांडायला लागली. एक म्हणाला, “हे तर आमच्याच गल्लीचं आहे.” मग लिहायला सांगितलं.

त्या दिवशी आलेला एक हायकू असा होता.

कूलर सुरू
आजी सांगते गोष्ट
नुसते ओठ

आणि दुसरा.

धुकं लाल का
प्लांटकडून येतं
शाळेची बस

मोठी माणसं ‘धुकं लाल का’ असं कधी विचारत नाहीत. आम्हाला ते रोजचंच आहे.

मैत्री मागच्या बाजूला बसायची. बोलायची कमी, लिहून झालं की कागद उपडा ठेवायची. तिला आणून सोडणारे तिचे वडील, विलास रामटेके, शेजारच्या दुर्गला रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं की तिची आई गरमीत गेली, किडनीचा आजार होता. आई प्लांटच्या लॅबमध्ये नोकरीला होती. सेक्टरमधलं, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतलं, क्वार्टर तिच्याच नावावर, त्यामुळे मुदत संपल्यावर दिवाळीच्या सुमाराला ते सोडावं लागलं. आता बापलेक बोरसीला, मोठ्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहत होते. “पोरगी घरात बसून बसून गप्प झाली,” ते म्हणाले. “इथं चार पोरांत तरी राहीन.”

म्हणून शेवटच्या रविवारी मैत्रीनं तो कागद माझ्याकडे दिला तेव्हा मी काहीच विचारलं नाही. ओळी वाचल्या आणि कागद जपून वहीत ठेवला. आमच्याकडे शेवग्याला मुनगा म्हणतात. सेक्टरच्या जवळजवळ प्रत्येक क्वार्टरच्या मागे एक तरी मुनगा असतोच. थंडी संपता संपता तो पांढऱ्या फुलांनी भरतो. मला वाटलं, ही मुलगी आईला अजून त्या जुन्या घरातच पाहते आहे. घर सुटलं तरी आई तिथेच आहे, आणि मुनगा फुलला की नाही ते आई पाहीलच. मी तसंच चित्र काढलं. क्वार्टरचं मागचं अंगण, फुललेला मुनगा, आणि स्वयंपाकघराच्या अर्ध्या उघड्या खिडकीत एका बाईचा खांदा.

आता ‘पाहीन’ आणि ‘पाहील’चं सांगते. पुस्तकी मराठीत ‘मी पाहीन’ आणि ‘ती पाहील’. आमच्या बोलीत ‘मी पाहीन’ आणि ‘ती पण पाहीन’. पाऊस येईन, बाबा जेवन, आई पाहीन. म्हणून मला त्या ओळीत चूक दिसलीच नव्हती. मृणालला पहिल्या नजरेत दिसली.

मी तिला फोन करून हे समजावलं. म्हटलं, बोली आहे, राहू दे. ती म्हणाली, “ताई, पण दुसराही अर्थ होतो. ‘आई, मी पाहीन.’ ती आईला सांगत असेल तर? मग आईनंतर स्वल्पविराम हवा, आणि तुमचं चित्रही बदलेल. नक्की कोणता अर्थ आहे?”

मला माहीत नव्हतं. इतके दिवस त्या तीन ओळी टेबलासमोर लावून मी चित्र रंगवलं होतं, आणि हा अर्थ माझ्या डोक्यात आला नव्हता.

“तिला विचारा ना,” मृणाल म्हणाली.

म्हणायला सोपं होतं. दहा वर्षांच्या मुलीला फोनवर काय विचारणार? तुझी आई मुनगा पाहणार आहे का, असं?

संध्याकाळी स्वतः प्रकाशकांचा फोन आला. सगळे त्यांना सर म्हणतात. मृणालनं त्यांना मैत्रीच्या आईबद्दल सांगितलं होतं. सर भले माणूस. त्यांनी कविता दोनदा वाचून दाखवली आणि म्हणाले की पुस्तकातली हीच सगळ्यात चांगली आहे. मग म्हणाले, “खाली एक बारीक ओळ टाकू. मैत्रीची आई नुकतीच वारली. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. नाहीतर हे वाया जाईल.”

“सर, ती ओळ टाकली तर लोक कविता वाचणारच नाहीत,” मी म्हटलं. “ती ओळच वाचतील.”

“लोकांना भिडायला हवं ना, ताई.”

“मुलीच्या शाळेत हे पुस्तक जाणार आहे. तिच्या वर्गात.”

ते म्हणाले, वडिलांना विचारा, त्यांची हरकत नसेल तर टाकू. आणि प्रेसची तारीख लागलेली आहे, या आठवड्यात काय ते कळवा.

विचारायचं तर वडिलांनाच आणि समोर बसून विचारायचं, हे मला पटलं. विलासभाऊंना फोन केला. गुरुवारी रेस्ट आहे म्हणाले. रेल्वेत सुट्टीच्या दिवसाला रेस्ट म्हणतात. दुपारी डमी घेऊन स्कूटरवर बोरसीला गेले.

“जयभीम ताई, या,” म्हणून त्यांनी वर नेलं. खोली नीटनेटकी होती, इतकी की कोणी राहत नसावं असं वाटावं. मैत्री शाळेतून आली नव्हती. त्यांनी स्वतः चहा केला. सुट्टीच्या दिवशी त्यांना चहा करायला लावलं, याचं मला अवघडल्यासारखं झालं. काम काय आहे ते मी सरळ सांगितलं आणि पान अकरा उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तो हायकू आधी पाहिलेला नव्हता. मैत्रीनं घरी दाखवलाच नव्हता.

त्यांनी वाचलं. चित्र पाहिलं. खिडकीतल्या त्या खांद्यावर त्यांचं बोट थोडा वेळ तसंच राहिलं. मग डमी मिटून माझ्याकडे सरकवली.

“हे नका छापू, ताई.”

मी कारण विचारलं नाही. थांबले. चित्रकाराच्या कामात थांबायची सवय होते.

“तिले अजून वाटून राहिलं का आई येईन म्हणून,” ते म्हणाले. “मले शंका होतीच. आता हे लिहूनच ठेवलं तिनं. आई पाहीन.” त्यांनी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. “मी तिले सांगितलंच नाही, ताई. दवाखान्यातून घरी आणलं, सगळे नातेवाईक जमले, पोरीनं पाहिलं सगळं. पण माह्या तोंडून काही निघालंच नाही. मले वाटलं बहीण सांगन. बहिणीला वाटलं मी सांगितलं असन. आता इतके दिवस झाले. आता कोणत्या तोंडानं सांगू? आणि हे पुस्तकात आलं तर लोक काय म्हणतीन? का बापानं पोरीले इतकंही सांगितलं नाही.”

मी म्हटलं, नाही छापणार. तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला. सरांना काय सांगायचं ते मी पाहते.

हे बोलणं चाललं असतानाच जिन्यावर पावलं वाजली आणि मैत्री आत आली. शाळेचं दप्तर, दोन वेण्या, घामेजलेला चेहरा. मला पाहून ती दारातच थांबली. मग मांडीवरची डमी तिला दिसली आणि ती जवळ आली.

“छपली का?”

“अजून नाही,” मी म्हटलं. “प्रूफ आहे. प्रूफ म्हणजे चुका शोधायची प्रत.”

ती माझ्या शेजारी बसून पानं उलटायला लागली. कूलरचं चित्र पाहून हसली. लाल धुक्याच्या पानावर थांबली. मग पान अकरा आलं. तिनं चित्र पाहिलं. भुवया जवळ आल्या, एवढंच.

विलासभाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी मला खुणेनं नको म्हटलं. मीही विचारणार नव्हतेच. पण कार्यशाळेत एक काम राहून गेलं होतं, ते मला आठवलं. शेवटच्या रविवारी वेळ संपला म्हणून अर्ध्या मुलांचं वाचन झालंच नव्हतं. मैत्री त्यात होती.

“तुझा हायकू तू कधी वाचूनच नाही दाखवला,” मी म्हटलं. “वाचशील?”

तिनं वडिलांकडे पाहिलं. मग पानाकडे न पाहताच म्हणाली.

“जुनं क्वार्टर. मुनगा फुलला का.” मग ती थांबली. “आई.” पुन्हा थांबली, आणि हळूच म्हणाली, “पाहीन.”

त्या दोन शब्दांत इतकं अंतर होतं की ऐकणाऱ्याला विचारायची गरजच नव्हती. तरी मी विचारलं. विचारणं आता टाळता येत नव्हतं.

“कोण पाहीन, मैत्री?”

“मी,” ती म्हणाली. जणू मला इतकंही कळू नये. “आई तर नाही ना आता. मंग कोण पाहीन? तीच पाहायची पहले. सकाळी डब्बा भरता भरता खिडकीतून पाहायची, न् मले आवाज द्यायची, मैत्री, फुलला. आता मले पाहा लागन. तेच सांगून राहिली तिले.”

खालून कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. विलासभाऊ दारातून आत आले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

“तुले कोणी सांगितलं, बेटा?”

“कोणी नाही. मले पता आहे.”

“मंग तू बोलली कावून नाही कधी?”

तिनं डमीचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. “तुम्ही रडले असते.”

ते रडले. मुलीसमोर पहिल्यांदाच, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मैत्री तशीच बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, जसा मोठी माणसं लहानांच्या डोक्यावर ठेवतात. मी उठून गॅलरीत गेले. समोरच्या गच्चीवर वाळवण घातलेलं होतं, ते पाहत उभी राहिले.

परत आत बोलावलं तेव्हा दोघांचे चेहरे धुतलेले होते. विलासभाऊंनी डमी पुन्हा उघडली आणि हायकू वाचला, या वेळी थांबून, तिच्यासारखा. मग विचारलं, “बेटा, पाहिला का मंग मुनगा?”

“मी एकटी कशी जाणार सेक्टरला?”

ते क्वार्टर सोडल्यापासून विलासभाऊ त्या रस्त्यानं गेले नव्हते. ड्युटीवरून काही आणायला सेक्टरकडे जायचं असलं तर लांबच्या चौकातून वळसा घालायचे. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला. मला म्हणाले, ताई तुम्ही पण चला, तुमच्या चित्राचं काम आहे. मला ते खरं कारण वाटलं नाही. एकट्यानं जायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. मी स्कूटरवर, बापलेक मोटरसायकलवर, असे आम्ही निघालो.

ऊन उतरलं होतं. सेक्टरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं पडायला लागली होती. क्वार्टर कोपऱ्यावरचं होतं. आता तिथे दुसरं कुटुंब राहत होतं. दाराला नवा हिरवा रंग दिला होता, कुंपणाला दुपट्टे वाळत होते. विलासभाऊ मोटरसायकलवरून उतरले आणि फाटकापाशी उभे राहिले, पण कडी काही त्यांच्यानं वाजवेना. शेवटी मी वाजवली.

एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन बाहेर आली. मी हिंदीत सांगितलं की हे लोक आधी इथे राहायचे, मागचं झाड पाहायचं आहे. तिनं एकदा मैत्रीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आइए ना, देख लीजिए.” झाड बघायला कोणी का येईल, हे तिनं विचारलं नाही. याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मागच्या अंगणात मुनगा होता. पण वरून छाटलेला. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर बुंधा कापलेला होता आणि त्यातून हिरव्या काड्यांसारखे नवे फुटवे आले होते. त्या बाईनं सांगितलं की एका वादळात फांदी विजेच्या तारेवर पडली होती, म्हणून छाटावा लागला. मुनगा छाटला तरी मरत नाही, तिच्या सासूनं सांगितलं होतं. फुटव्यांना पानं होती. फूल एकही नव्हतं.

मैत्री झाडाजवळ गेली. मान वर करून प्रत्येक फुटवा नीट पाहिला. एक काडी वाकवून टोकाशी कळी आहे का ते पाहिलं. मग सोडून दिली. काडी परत वर गेली.

“आई, नाही फुलला,” ती म्हणाली.

मोठ्यानं नाही, हळूही नाही. घरात आईला सांगतात तसं. ती बाई काय समजायचं ते समजली असावी, कारण तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत निघून गेली.

विलासभाऊ मैत्रीच्या मागे येऊन उभे राहिले. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे त्यांनी एकदा पाहिलं. “पुढल्या साली फुलन,” ते म्हणाले. “आपण येऊ. मी घेऊन येईन तुले.”

निघताना त्या बाईनं आतून पाणी आणून दिलं. विलासभाऊंनी तिला विचारलं की पुढच्या वर्षी आलो तर चालेल का. ती म्हणाली, यात विचारायचं काय, शेंगाही घेऊन जा.

फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की हायकू छापा. मुलीचं नाव टाका, पूर्ण. पण खाली काहीही लिहायचं नाही. “तिची आई कशी गेली, कधी गेली, ते आमच्या घरातलं आहे. तिनं जे लिहिलं तेवढंच. एक शब्द जास्त नको.” मी म्हटलं, तसंच होईल.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. वडिलांची परवानगी आहे, पण टीप नको, असं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं नाही. वाचक गोंधळेल असं ते म्हणत राहिले. मी म्हटलं, काही वाचकांना वाटेल की आई कामावर गेली आहे, काहींना वाटेल गावाला गेली आहे. लहान मुलांना तसं वाटलं तर बिघडलं कुठे? ज्याला कळायचं त्याला कळेल. शेवटी ते म्हणाले, ताई, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, ठीक.

मृणालनं स्वल्पविराम टाकला आणि माझ्यासाठी प्रेसकडून चार दिवस मागून घेतले, कारण चित्र पुन्हा काढायचं होतं. हायकूच्या चित्राचा एक साधा नियम आहे. शब्दांनी जे सांगितलं ते चित्रानं पुन्हा सांगायचं नाही, आणि शब्दांनी जे सांगायचं सोडलं ते तर मुळीच नाही. माझं पहिलं चित्र या नियमाच्या दुसऱ्या भागात चुकत होतं. खिडकीतला खांदा मी पुसला. मुनगा काढायचा की नाही यावर एक पूर्ण दिवस गेला. फुललेला काढला तर खोटं, छाटलेला काढला तर प्रश्नाचं उत्तर आधीच दिल्यासारखं. शेवटी झाड काढलंच नाही. क्वार्टरची मागची भिंत बाहेरून काढली, आणि भिंतीला हात लावून, टाचा उचलून आत पाहणारी दोन वेण्यांची मुलगी. आत काय आहे ते दिसत नाही. भिंतीवर दुपारचं ऊन, बाकी अर्धं पान रिकामं.

पुस्तक मे महिन्यात आलं. मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना प्रती दिल्या. प्रत्येकानं आधी स्वतःचं पान उघडलं, मग दुसऱ्यांची पानं पाहून चुका काढल्या. मैत्रीनं पान अकरा बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे येऊन म्हणाली की भिंत इतकी उंच नव्हती, टाचा उचलायची गरज पडत नव्हती. मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत बघू. विलासभाऊ दारापाशी उभे होते. त्यांनी चार प्रती जास्त घेतल्या, बहिणीकडे नागपूरला पाठवायला. त्यांनी सांगितलं की आता संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर मैत्री आईबद्दल काहीबाही सांगते, आणि तेही सांगतात. कधी रडू येतं. येऊ देतात.

माझ्या कामाचं म्हणाल तर एक बदल केला. आता कार्यशाळेत कोणत्याही मुलाची कविता नुसत्या कागदावरून घेत नाही. आधी त्यानं ती उभं राहून वाचायची, मी फोनवर रेकॉर्ड करायची, आणि ते रेकॉर्डिंग कागदासोबत पुण्याला जातं. कुठे थांबायचं ते मुलाला माहीत असतं. त्यात वेळ जास्त जातो, हॉलचा शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहतो, आणि मृणालचे शंका विचारणारे फोन मात्र आता फार कमी येतात.